लेसिएलीनं सजवलेली टेबलं

माझी शेजारीण लेसिएली हिला आमच्या बेटावरचे सगळे वाकड्या हाताची म्हणायचे. बायका चटया विणायला बसल्या की हिच्या चटईची कड कधी सरळ म्हणून जायची नाही. कुणीतरी हमखास टोमणा मारायचं, "लेसिएली, ही चटई आहे की समुद्राचा काठ?" ती स्वतःच सगळ्यात आधी हसायची आणि म्हणायची, "काय करू बाई, आमचं माहेरचं एऊआ बेट डोंगराळ, तिथं सरळ काही उगवतच नाही." मग तिची चटई ढिगात सगळ्यात खाली जायची, जिथं कुणाची नजर पडत नाही.

मला मात्र खरं ठाऊक होतं. एकदा मीठ मागायला मी मागल्या दारानं गेले, तर ही बाई चुलीच्या झोपडीत एकटी बसून केवड्याच्या पातीची टोपली विणत होती. आपल्या आईला एऊआला पाठवायला. वीण इतकी बारीक आणि घट्ट की आत पाणी ओतलं तरी ठरलं असतं. मी बघतच राहिले. तिनं टोपली झटकन चटईखाली सरकवली.

"अकोसिता, तू काही पाहिलं नाहीस."

"मी मीठ न्यायला आलेय," मी म्हटलं. "दे आणि मी चालले."

त्या दिवसापासून आमचं गूळपीठ जमलं. तिनं मला पुढं कधीतरी कारणही सांगितलं, पण मला ते न सांगताच कळलं होतं. कारण म्हणजे तोआकासे, तिच्या नवऱ्याची थोरली बहीण, राजधानीत राहणारी.

नणंद घरात आली की भाऊ मान खाली घालून बसतो, हे काय नवीन नाही. तिनं बोट दाखवावं आणि भावानं ती वस्तू उचलून द्यावी, मग ते डुक्कर असो, तापाचं सालीचं कापड असो, नाहीतर लेकरू असो. त्यात जोरजबरदस्ती नसते, उलट देणाऱ्यालाच मान वाटतो. आणि मी कशाला खोटं बोलू? माझ्या भावाच्या घरी मीही अशीच मिरवते. गेल्या नाताळात त्याच्या दोन कोंबड्या काखोटीला मारून आणल्या आणि वहिनी हसत हसत दारापर्यंत सोडायला आली. आतून काय म्हणत असेल ते देवाला माहीत. आमच्यात प्रत्येक बाई नवऱ्याच्या घरी चाकरीण असते आणि भावाच्या घरी राणी. असं तागडं सारखं होतं म्हणून तर चाललंय. लेसिएलीला भाऊच नाही. चाकरीच्या बाजूचं पारडं तेवढं तिच्या वाट्याला आलं.

नवी नवरी होऊन ती इथं आली तेव्हा माहेराहून एक टोपली घेऊन आली होती. तोआकासेनं ती हातात घेतली, उलटीपालटी केली आणि म्हणाली, "अगं बाई, काय हात आहे गं तुझा!" झालं. टोपली गेली ती गेलीच, पण तिच्यामागून हातही गेले. तोआकासेच्या पाद्रीबाईला एक, तिच्या शेजारणीला एक, राजधानीतल्या कुठल्या साहेबाच्या बायकोला एक. पहिलं वर्ष बाई पाठ मोडेस्तोवर विणत बसली. स्वतःच्या घरात अंथरायला चटई नव्हती. मग हळूहळू तिचा हात बिघडला. कुणी म्हणालं बाळंतपणात नसा धरल्या, कुणी म्हणालं नजर लागली. तोआकासेनं बिचारीनं तेल पाठवलं चोळायला. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे लेसिएली तेव्हा शिकली, आणि मग पंचवीस वर्षं तिनं मूठ उघडली नाही.

तोआकासे वाईट बाई नव्हे, हे सांगायलाच हवं. दुष्ट असती तर बरं झालं असतं, निदान शिव्या तरी देता आल्या असत्या. बोटीतून उतरली की पिठाची पोती घेऊन उतरते, सगळ्या गल्लीला वाटते, मोठ्यानं हसते. लेसिएलीची सासू अंथरुणाला खिळली होती तेव्हा औषधं तीच पाठवायची. उचलणं, धुणं, भरवणं मात्र लेसिएलीकडं. ती सासू गेली वर्षभरापूर्वी. तोवर एऊआला लेसिएलीची स्वतःची आई थकली. पडली, कंबर धरली, डोळ्यांनी दिसेना. शेजारपाजारचे अळकुड्या उकडून आणून देतात त्यावर म्हातारी जगते. दर रविवारी चर्चहून आलं की लेसिएली फोन लावायची आणि म्हातारी पहिलं एकच विचारायची, "कधी येतेस?"

नवऱ्यानं, म्हणजे सोसायानं, शब्द दिला होता. "विलिसोनीचं लग्न होऊ दे. घरात सून आली की तू जा. आईजवळ राहा, हवं तितके दिवस." सोसाया तसा भला माणूस आहे. शब्द त्यानं मनापासून दिला होता.

विलिसोनी हा त्यांचा एकुलता एक. आमच्या शाळेत मास्तर आहे, गळा गोड, स्वभावानं इतका मऊ की पोरांना छडी मारायची तर याच्याच डोळ्यांत पाणी. त्याचं लग्न ठरलं लिफुका बेटावरच्या सेलुशी. मुलगी साधी, पण तिचे मामा-मावश्या सगळे ऑकलंडला. ते विमानानं येणार, केक तिकडून आणणार. मग आमच्याकडं सुरू झाली धांदल. डुकरं, बोटीचं भाडं, मंडप यांतच सोसायाचा खिसा रिकामा झाला. आणि एका संध्याकाळी विलिसोनी आईजवळ येऊन बसला. मी तिथंच नारळ खवत होते.

"आई, सेलुच्या मावशीनं विचारलं, टेबलांच्या मध्यावर काय ठेवणार? त्यांच्याकडं काचेची भांडी असतात, त्यात फुलं, मेणबत्त्या. राजधानीतून भाड्यानं मिळतात म्हणे, पण ते काही आपल्याला झेपायचं नाही."

"मग तू काय म्हणालास?" लेसिएलीनं विचारलं.

"म्हटलं, बघू. कोकच्या बाटल्या ठेवू मधे." तो हसला, पण कान लाल झाले होते त्याचे. "नाही काही ठेवलं तरी चालेल गं. मी आपलं सांगितलं."

तो गेल्यावर ती कोपऱ्यातली केवड्याची पाती चाचपायला लागली. मी ओळखलं.

"मनातसुद्धा आणू नकोस," मी म्हटलं. "चाफ्याच्या फांद्या तोडू आणि बाटल्यांत खोचू. कुणी मरत नाही त्यानं."

"एकच मुलगा आहे मला, अकोसिता."

"आणि एकच आई. नणंदबाई पहिल्या रांगेत बसणार आहेत, विसरलीस का? हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"सगळ्यांना सांगू की तू केलंस," ती म्हणाली. "तुला ती काय मागणार? तू तिच्या नात्यातली नाहीस."

अशी मी त्या कामात ओढली गेले. दुसऱ्या दिवसापासून मी गावभर हिंडून कॉर्नबीफच्या मांसाचे रिकामे डबे गोळा केले. डब्यांची आमच्याकडं काय वानवा? पण वास! राखेनं घासले, लिंबानं घासले, वाळूनं घासले, तरी गल्लीतली झाडून सगळी कुत्री लेसिएलीच्या चुलीभोवती येऊन बसली. मी काठी घेऊन बसायचे आणि ती काम करायची. तापा ठोकताना कडेचे जे तुकडे उरतात, ते सालीचं कापड तिनं डब्यांना गुंडाळलं, तपकिरी नक्षी बरोबर समोर येईल असं. वर काथ्याची वेणी आवळून बांधली. केवड्याची पाती उकळून, समुद्रात भिजवून, उन्हात वाळवून पांढरी केली आणि त्याच्या पाकळ्या कापल्या. रानभेंडीच्या सालीचे धागे काढून त्यांचे तुरे केले. फुलाच्या पोटात पिवळी कवडी. डब्याच्या तळाशी वाळू, कारण हॉलला खिडक्यांपेक्षा भोकंच जास्त आणि वारा सगळीकडून येतो. पैसे असे कशालाच लागले नाहीत.

पण ती फुलं! मी आयुष्य या कामात घालवलं, मला कळतं. तिची बोटं इतक्या वर्षांनी अशी सुटली होती की बघताना मला भीती वाटायला लागली. एकदा म्हटलं, "जरा वाईट कर गं. हे माझं काम आहे असं कोण मानेल?" तिनं एक पाकळी वाकडी लावली. थोड्या वेळानं बघते तर काढून परत सरळ लावलेली. लपूनछपून काम चाललं होतं, घामानं डबडबली होती, पण तोंडावर असं काही होतं की मला तिचा हेवा वाटला.

घरात सोसायाला माहीत होतं. विलिसोनीलाही, कारण तो रोज येऊन बघायचा, हात लावायचा आणि जायचा. त्याला आईनं बजावलं होतं, "कुणी विचारलं तर अकोसिताकाकूनं केलं म्हणायचं." तो म्हणाला, "का?" ती म्हणाली, "मी म्हणते म्हणून." आत्या मागेल, आत्याच्या हाती मी अडकेन, असं मुलाला कोणत्या तोंडानं सांगणार? त्याची आत्या म्हणजे त्याचा देव. लहानपणी त्याला शाळेचे बूट आणले होते ते तिनंच.

लग्नाच्या दिवशी हॉलमध्ये टेबलं मांडली आणि प्रत्येकाच्या मध्यावर ते डबे ठेवले, कडेनं ताजा चाफा. ऑकलंडच्या मावश्या आत आल्या आणि दारातच थबकल्या. फोन काढून फोटो काय घेतले, वास काय घेतला! सेलु तर रडायलाच लागली, तिच्या आईनं तिला दटावलं की तोंडाचा रंग जाईल. आमच्या बायका बसता बसताच नजरेनं आपापला डबा नक्की करत होत्या. लग्नातला डबा, फुलदाणी, जे मधे असेल ते घरी नेणार म्हणजे नेणार. पाद्रीबाबांचा शेवटचा आमेन होतो न होतो तोच टेबलं मोकळी होतात. माझ्याकडंच घरी अशी तीन लग्नं शिलकीत आहेत.

तोआकासे मानाच्या जागी बसली होती, कमरेला मानाची बारीक विणीची चटई गुंडाळलेली, गळ्यात फुलं, केकचा सगळ्यात वरचा थर तिच्यासमोर. तिनं डबा उचलला. उलटापालटा केला.

"हे कुणी केलं?"

"मी," मी म्हटलं.

तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तू? अकोसिता, तुझी चटई बघितलीय मी. डुक्कर लोळून गेल्यासारखी असते."

"म्हातारपणी हात सुधारतो माणसाचा."

"मग आता तोंडही सुधारेल अशी आशा ठेवू," ती म्हणाली, आणि आजूबाजूचे सगळे खो खो हसले. तिनं डबा आपल्या पिशवीत ठेवला आणि दुसरा उचलून तोही ठेवला. लेसिएली मागं भांड्यांपाशी उभी होती. मी तिच्याकडं बघून हळूच डोळे मिटले. तिनं श्वास सोडला. सुटलो, असं मला वाटलं. लग्नानंतरच्या दुसऱ्या रविवारची प्रार्थना झाली की पुढच्या बोटीनं बाई आईकडं.

मग भाषणं सुरू झाली. नवरीचा मामा बोलला, पाद्रीबाबा बोलले, कुणीतरी बोलतच राहिलं. शेवटी विलिसोनी उठला. त्यानं सेलुच्या माणसांचे आभार मानले, आत्याचे मानले, बापाचे मानले. मग तो थांबला आणि त्याचा आवाज बदलला.

"माझ्या आईनं मला एक गोष्ट सांगायला मना केलंय," तो म्हणाला. "आयुष्यभर तिचं सगळं ऐकलं, आज नाही ऐकणार. तुमच्या टेबलावर जे आहे ते ऑकलंडच्या दुकानातलं नाही, अकोसिताकाकूचंही नाही. काकू, माफ करा. ते माझ्या आईनं केलंय. धुरात बसून, एकेक पाकळी. लोक तिला वाकड्या हाताची म्हणतात आणि ती हसते. मी लहानपणापासून ते ऐकत आलोय. आज बघा म्हणावं तिचे हात."

तो रडत होता. हॉलमधल्या सगळ्या बायका रडत होत्या. ऑकलंडच्या मावश्या उठून उभ्या राहिल्या आणि टाळ्या वाजवायला लागल्या. लेसिएलीनं पोराकडं बघितलं, आणि त्या बघण्यात किती माया होती आणि किती काय होतं ते मला नाही सांगता येणार. पोरानं दार बंद केलं आणि त्याला वाटत होतं की आपण ते उघडतोय.

तोआकासे उठली. तिच्याही गालांवरून पाणी वाहत होतं. ती सरळ लेसिएलीकडं गेली, तिचे दोन्ही हात हातात घेतले, गालाला गाल लावला.

"इतकी वर्षं!" ती म्हणाली. "आणि आम्ही तेल पाठवत बसलो." मग हॉलभर ऐकू जाईल अशा आवाजात तिनं भावाला हाक मारली. "सोसाया, तुझी बायको मी नेते बरं का. आमच्या चर्चचं मोठं संमेलन आहे, गावोगावचे पाद्री येणार, टेबलांना अंत नाही. मग वर्षाच्या शेवटी माझ्या लेकीचं लग्न. तोवर ही माझ्याकडं."

सगळे हसले, टाळ्या पडल्या. वहिनीला एवढा मान कुठली नणंद देते? सोसायानं मान वर केली नाही. "ताई, तुमची इच्छा," तो चटईकडं बघत म्हणाला. दुसरं काय म्हणणार? भावानं बहिणीला नाही म्हटल्याचं मी तरी आजवर ऐकलेलं नाही.

"आणि तू गं," तोआकासे माझ्याकडं वळली, "म्हातारपणी सुधारलेली?" पुन्हा हशा. मीही हसले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

पाहुणे पांगल्यावर लेसिएली कढई घासत होती. मी तिच्या शेजारी बसले आणि तावातावानं म्हटलं, "आईचं सांगितलंस का तिला?"

"सांगितलं. म्हटलं, वन्सं, माझी आई आजारी आहे. त्या म्हणाल्या, अगं जा ना, जरूर जा. संमेलन झालं की जा. मी स्वतः तिकीट काढून देईन."

"संमेलन झाल्यावर लग्न. लग्न झाल्यावर बारसं. मला माहितेय तिचं नंतर."

"मलाही माहितेय."

"मग विलिसोनीला सांग. तो आत्याशी बोलेल."

तिनं हात थांबवले. "तू त्याला सांगायचं नाहीस, अकोसिता. काही झालं तरी. आज त्यानं माझं नाव घेतलं सगळ्यांसमोर. त्याला वाटतंय त्यानं आईला काहीतरी दिलं. उद्या कळलं की त्यानं काय केलं, तर तो जन्मभर आपल्या लग्नाचा दिवस आठवून रडेल. एवढं नको व्हायला."

"आणि तुझं काय?"

"माझं काय," ती म्हणाली आणि पुन्हा घासायला लागली.

दुसरा रविवार झाला आणि बोट आली. ज्या बोटीनं ती आईकडं जाणार होती, तीच. राजधानीच्या धक्क्यावर उतरलं की एऊआची बोट बाजूलाच लागलेली असते, दोन तासांचा प्रवास. पण तिला घ्यायला तोआकासेची गाडी येणार होती. विलिसोनी आणि सेलु सोडायला आले होते. त्यानं आईच्या गळ्यात स्वतःच्या हातानं फुलांची माळ घातली. मला म्हणाला, "काकू, बघितलंत ना? आता खरं तिला सुख लागेल. आत्याकडं बसून खायचं, आवडीचं काम करायचं." मी म्हटलं, "हो रे बाबा." जीभ तोडून टाकावी असं वाटलं. सोसाया धक्क्याच्या टोकाला उभा होता, बायकोच्या जवळ आला नाही. त्यानं दिलेला शब्द मोडला होता आणि तो कुणी मोडला हेही त्याला सांगता येत नव्हतं.

चढण्याआधी लेसिएली माझ्या कानाशी आली. "आईला फोन तू लाव. मला नाही जमणार."

मी घरी येऊन लावला. एऊआच्या शेजारणीनं उचलला आणि म्हातारीच्या कानाला दिला.

"आली का बोट?" म्हातारीनं विचारलं. "निघाली ना ती?"

मी सगळं सांगितलं. लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

"काय केलं होतं तिनं टेबलांवर?" तिनं मग विचारलं.

मी डब्यांचं सांगितलं, तापाचं सांगितलं, केवड्याच्या पाकळ्यांचं सांगितलं.

"पाकळी आत वळवली होती की बाहेर?"

"बाहेर, आजी. टोकाला जराशी पिळून."

"ती मीच शिकवली तिला," म्हातारी म्हणाली. "दुसऱ्या कुणाला येत नाही तशी. कशाला शिकवली मी?"

पलीकडं शेजारीण काहीतरी विचारत होती, बहुतेक रताळं खाणार का असं.

"ठेव आता फोन," म्हातारी म्हणाली. "तुझे पैसे जात असतील."